साहेबाच्या डोक्यात काढलेला हिवाळा

बाबा नागपूरला न्हाणीघरात घसरून पडले तेव्हा मी एडिनबरामध्ये होते. पुढचा अख्खा हिवाळाही मी एडिनबरामध्येच होते.

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, मग जखमेत पू झाला आणि ती पुन्हा उघडावी लागली. त्यानंतर डॉक्टरांनी सांगितलं की आता काही महिने पडूनच राहायचं. बाबा म्हणजे निवृत्तीनंतरही रोज सकाळी विहारापर्यंत चालत जाणारे, येताना चार लोकांशी वाद घालून येणारे गृहस्थ. ते पुढच्या खोलीतल्या दिवाणावर आडवे झाले आणि बोलायचेच बंद झाले.

नेमकं त्याच सुमाराला माझ्या कंपनीनं आमचं डिपार्टमेंट बंद केलं. नवी नोकरी मिळाली, पण नव्या कंपनीकडून व्हिसाचा अर्ज नव्यानं करावा लागला. त्याचा नियम साधा होता. निर्णय येईपर्यंत देश सोडायचा नाही. सोडला तर अर्ज रद्द. अर्ज गेला की माझी नोकरी जाणार होती, आणि माझ्या व्हिसावर इथं राहणाऱ्या माझ्या नवऱ्याची हॉस्पिटलच्या लॅबमधली नोकरीही. पासपोर्ट माझ्याच बेडरूमच्या ड्रॉवरमध्ये होता. विमानतळाला जाणारी ट्राम आमच्या घरापासून दोन स्टॉपवर मिळायची. मला कुणीही अडवलं नव्हतं, आणि तरी जाता येत नव्हतं. वकीलबाई म्हणाल्या होत्या, "महिना-दीड महिना धरून चाला." तो महिना-दीड महिना लांबतच गेला.

रोज व्हिडिओ कॉल करायचे. आई फोन तांब्याला टेकवून बाबांच्या उशाशी ठेवायची. मी विचारायचे, जेवलात का? हूं. औषध घेतलं का? हूं. दुखतंय का? यावर काहीच नाही. मग आई फोन उचलून स्वयंपाकघरात न्यायची आणि हळू आवाजात सांगायची, "भिंतीकडे तोंड करून पडून राहतात दिवसभर. टीव्ही लावला तर म्हणतात, बंद कर."

एक दिवस मी वैतागून म्हटलं, "बाबा, मी इथून तुमच्यासाठी काय करू, ते तरी सांगा."

त्यांनी मान थोडी फोनकडे वळवली. मग म्हणाले, "ते पुस्तक आहे न तुझ्याकडे? मी दिलं होतं ते. ते वाचून दाखव."

ते पुस्तक माझ्या शेल्फवर तीन वर्षं पडून होतं. नागपूरच्या पुस्तक प्रदर्शनातून बाबांनी ते माझ्यासाठी घेतलं होतं. विटेएवढी जाड मराठी कादंबरी. मी वीसेक पानं वाचून ठेवून दिली होती. निवेदक एक निवृत्त सरकारी अधिकारी. घरी बसल्या बसल्या जगाला नावं ठेवतो. त्याच्या टेबलावर ऑफिसातली जुनी घंटी आहे, आणि चहा हवा असला की ती तो बायकोसाठी वाजवतो. इतकं वाचून मी त्याला रामराम ठोकला होता.

"ते फार संथ आहे हो बाबा. दुसरं काही वाचू का?"

"तेच वाच."

माझ्या सकाळी सातला त्यांच्याकडे दुपार असायची. डिसेंबरात एडिनबराला सातला मिट्ट काळोख. मी स्वयंपाकघरातला दिवा लावायची, हीटिंग जेमतेम सुरू झालेलं असायचं, अंगावर शाल, समोर चहा, आणि फोन ब्रेडच्या डब्याला टेकवलेला. तिकडे नागपूरच्या खिडकीतून ऊन बाबांच्या चादरीवर पडलेलं दिसायचं. मी वाचायला लागायची.

संथ म्हणजे किती संथ! पहिल्या चाळीस पानांत तो निवृत्त साहेब उठतो, दात घासतो, बायकोनं केलेल्या चहाला नावं ठेवतो, आणि सुनेनं पेपरची घडी नीट घातली नाही म्हणून मनातल्या मनात चिडतो. मग पाच पानं लिंबावर. बायकोनं लिंबू नीट पिळलं नाही, निम्मा रस सालातच राहिला, आणि एकूण या देशाचं जे काही झालं ते अशाच निष्काळजीपणानं झालं, असं त्याचं म्हणणं. बायकोशी तो हे बोलत नाही. फक्त आपल्याला सांगतो, आणि आपण सहमत आहोत असं धरून चालतो.

आठवडाभरात माझा धीर सुटला. "बाबा, कशाला ऐकताय या माणसाचं? जगात अशी माणसं कमी आहेत का?"

बाबा म्हणाले, "तुले आठवते, मी दाढी करताना काय म्हणत होतो?"

आठवत होतं. बाबा पाटबंधारे खात्यात क्लार्क होते, पुढे हेडक्लार्क झाले. मी लहान असताना रोज सकाळी ते आरशासमोर उभे राहून, गालाला साबण लावून, एकेक शब्द घोकायचे. पाणी. आणि. कोणी. पुराणी. कधी अख्खं वाक्य: "सर, आपण मागितलेली फाईल आणली आहे." 'न' आणि 'ण' मध्ये त्यांची जीभ चुकायची आणि त्यांचे साहेब ते सगळ्या ऑफिसासमोर दुरुस्त करायचे. दुरुस्त करायचे म्हणजे स्वतः तो शब्द सावकाश उच्चारायचे आणि बाबांकडून पुन्हा म्हणवून घ्यायचे. मला तेव्हा तो बाबांचा सकाळचा खेळ वाटायचा. मीही त्यांच्या मागे उभी राहून म्हणायची, पाणी, आणि, कोणी. माझा 'ण' तसाच पक्का झाला.

"वीस वर्षं त्या माणसाच्या टेबलासमोर उभा राहिलो," बाबा म्हणाले. "त्याच्या डोक्यात काय चालून राहिलं असंल, हे मले कधी समजलं नाही. हा माणूस आतून सांगून राहिला तर ऐकू दे न."

"हे कादंबरीतलं पात्र आहे, बाबा. तुमचा साहेब नाही हा."

"माहीत आहे मले. मी पडलो तो खुब्यावर, डोक्यावर नाही. तू वाच."

मग मी वाचत राहिले. आणि माझा स्वच्छ 'ण' घेऊन तो साहेब रोज सकाळी आमच्या स्वयंपाकघरात बोलत राहिला.

दुसऱ्याचं मनातलं तासभर मोठ्यानं बोललं की ते तोंडात राहतं, हे मला ठाऊक नव्हतं. शेजारीपाजारी मराठी कुणी नव्हतं. ऑफिस घरातूनच, स्क्रीनवर. साडेतीनला बाहेर अंधार व्हायचा आणि खिडकीत माझाच चेहरा दिसायला लागायचा. दिवसभरात मी सगळ्यात जास्त मराठी बोलत होते ते त्या माणसाचं. नवरा भांडी घासत असला की मी मागे उभी राहून बघायची आणि मनात वाक्य तयार व्हायचं, अगदी त्याच्या वळणाचं: याला इतक्या वर्षांत एक कप नीट विसळता येऊ नये. नवरा काही बोलायला लागला की त्याचं वाक्य संपायच्या आत मला त्यातली चूक दिसायची.

आमच्या इमारतीत जिना आळीपाळीनं झाडून पुसायचा असतो. ज्याची पाळी त्याच्या दाराच्या मुठीला एक पाटी अडकवलेली असते. एका शनिवारी खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या बाईंनी ती आमच्या दाराला अडकवली, हसून 'गुड मॉर्निंग' म्हणाल्या आणि गुडघे धरत खाली गेल्या. मी दार लावून म्हटलं, "आता माझ्यासारखीनं दुसऱ्यांचे जिने पुसत बसायचे!"

नवरा सोफ्यावर होता. त्यानं फोन खाली ठेवला. "हे काय बोललीस?"

"काय?"

"माझ्यासारखीनं म्हणजे? कशी आहेस तू?"

मी बादली घेऊन जिन्यात गेले आणि तिन्ही मजले पुसून काढले, पाळी फक्त आमच्या मजल्याची असताना. पाणी बर्फासारखं होतं. वर आले तेव्हा नवऱ्यानं चहा केला होता. तो म्हणाला, "अगं, ते पुस्तक थोडे दिवस बंद कर ना. निदान शनिवार-रविवार. तू हल्ली त्याच्यासारखी बघतेस माझ्याकडे."

"बंद केलं तर बाबांशी काय बोलू? जेवलात का? औषध घेतलंत का?"

त्यानं चहाचा कप माझ्याकडे सरकवला. खरं तर त्याचंच बरोबर होतं, आणि माझंही. बाबा आता पुस्तकाच्या वेळी भिंतीकडून वळून फोनकडे तोंड करून पडायचे. आई सांगायची, अकरा वाजल्यापासून घड्याळ विचारतात. ही एवढी एक गोष्ट त्यांना उठवत होती, आणि तीच मला त्या माणसाच्या खोलीत डांबून ठेवत होती. बाबा दिवाणावर, मी एडिनबरात, दोघंही त्याच्या डोक्यात. तो मात्र मजेत होता.

जानेवारीत बाबांना ताप भरला. छातीत कफ झाला, पुन्हा हॉस्पिटल, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. आईचा फोन आला तेव्हा ती रडत नव्हती, म्हणून मी जास्त घाबरले. लॅपटॉप उघडला, एडिनबरा ते दिल्ली, दिल्ली ते नागपूर, दुसऱ्या दिवशीचं तिकीट. नाव भरलं. नवरा शेजारी उभा होता.

"जा तू," तो म्हणाला. "अर्ज गेला तर गेला. आपण परत जाऊ, बघू काय करायचं ते."

"तुझी नोकरी?"

"मिळेल दुसरी."

तो हे मनापासून म्हणत होता, आणि म्हणूनच मला बटण दाबता येईना. त्यानं नको म्हटलं असतं तर मी भांडून गेले असते. मी तिथं बसून राहिले. पडद्यावर लिहून आलं की वेळ संपत आली आहे, तिकीट हवं असेल तर लवकर करा. तेवढ्यात पुन्हा आईचा फोन आला.

"बाबा काही विचारून राहिले," ती म्हणाली. "तोंडावर ते लावलेलं आहे, नीट समजत नाही. थांब." पलीकडे घुसमटलेला आवाज. मग आई जराशी चिडून म्हणाली, "म्हणतात, तो साहेब पुतण्याच्या लग्नाला गेला का नाही?"

आदल्या दिवशी आम्ही तिथंच थांबलो होतो. साहेब तीस पानं ठरवत होता की लग्नाला जावं की न जावं.

"त्यांना सांग, अजून नाही गेला."

आईनं सांगितलं. पुन्हा घुसमटलेला आवाज. "म्हणतात, वाच."

मी पुस्तक उघडलं. आईनं फोन बाबांच्या कानाला धरला आणि मी वाचायला लागले. साहेबाला लग्नाचा हॉल पसंत नव्हता. पुतण्याची बायको नोकरी करणार हे पसंत नव्हतं. आहेर काय द्यावा यावर तो चार पानं घुटमळला. पडद्यावरची वेळ संपली आणि तिकिटाचं पान आपोआप बंद झालं. मी पुन्हा ते उघडलं नाही. त्याला शहाणपण म्हणावं की भित्रेपणा, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. नवरा ऐकत उभा होता. थोड्या वेळानं त्यानं माझ्या पायांवर पांघरूण टाकलं आणि तो कामाला गेला.

बाबा त्यातून उठले. घरी आले तेव्हा आवाज पार खोल गेला होता, पण पहिल्याच दिवशी पुस्तक मागितलं. आणि त्याच आठवड्यात ते पान आलं.

साहेब आपल्या ऑफिसाच्या आठवणी सांगत होता. मोठे बंगले, दौरे, कुणी कुणाला कसं पाणी पाजलं, असली सगळी मातब्बरी. मी यांत्रिकपणे वाचत होते. डोळे पुढच्या ओळीवर गेले आणि मी थांबले.

"काय झालं?" बाबांनी विचारलं.

"काही नाही. चहा घेते."

"वाच न."

"हे एवढं पान जाऊ दे, बाबा."

"बेटा," ते म्हणाले, "इतकी थंडी काढली आपण याच्यासोबत. आता कोणतं पान जाऊ द्यायचं?"

मग मी वाचलं. "आमच्याकडे राखीव जागेवरचा एक क्लार्क होता. अक्षर बरं होतं त्याचं, आणि स्वभावानं गरीब. उच्चार मात्र शेवटपर्यंत सुधारले नाहीत." एवढंच. पुढच्या परिच्छेदात साहेब आपल्या जुन्या जीपकडे वळला, आणि जीपवर त्याची सहा पानं होती.

मी पडद्याकडे बघत होते. इकडे खिडकीत नुकतं फटफटलं होतं. मला वाटलं, मी हे काय केलं, आजारी माणसाला काय ऐकवलं.

"बस?" बाबा म्हणाले. "झालं?"

"हो. पुढे जीप आहे, सहा पानं."

"दोनच ओळी?"

"दोनच."

"नाव?"

"नाव नाही."

आणि बाबा हसायला लागले. आधी मला वाटलं ठसका लागला. मग दिसलं, की ते हसत आहेत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, चादर गच्च धरून. आई स्वयंपाकघरातून धावत आली. "हसू नका ना इतकं, दम लागेल! काय झालं? काय सांगितलं गं तू त्यांना?"

"अगं, त्याच्या डोक्यात मी दोन ओळीच," बाबा आईला म्हणाले. श्वास पुरत नव्हता, तरी बोलत होते. "हे एवढं जाडं पुस्तक. त्याच्यात जीपला सहा पानं, लिंबाला पाच. अन् मी? वीस वर्षं मी त्याचा विचार करून राहिलो. रात्री झोपताना, जेवताना. आज त्यानं असं म्हटलं, उद्या मी काय म्हणू. पोरीच्या बारशात त्याचाच विचार. अन् तो? त्याले माझा विचार करायले वेळच नव्हता."

"मग यात हसण्यासारखं काय आहे?" आई म्हणाली. मलाही तेच विचारायचं होतं.

बाबांनी डोळे पुसले. "मले वाटे, तो माझा दुश्मन आहे. दुश्मन तरी असता, तर दहा-वीस पानं भेटली असती." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "फुकट घोकलं बेटा. कोणी मोजतच नव्हतं."

त्या दिवशी पुढे वाचलं नाही. फोन ठेवल्यावर मी ओट्याशी उभी राहून रडले. बाबा हसले याचा आनंद होता, आणि तो साबण लावलेला गाल, ते घोकणं, त्याचा संताप पहिल्यांदाच माझ्यापर्यंत पोचला होता. लहानपणी मी त्यांच्या मागे उभी राहून तो खेळ म्हणून खेळले होते. त्या सकाळी ऑफिसची पहिली मीटिंग मी कॅमेरा बंद ठेवून केली.

त्यानंतर बाबा ऐकताना मधे मधे बोलायला लागले. साहेब काही म्हणाला की तिकडून शेरा. "खोटं बोलून राहिला." "बायकोला भितो हा, म्हणून घरात गुरगुरतो." "आता याचं पोट बिघडेल बघ, लग्नात किती जेवला." मलाही हसू यायला लागलं. पण माझं अडकणं काही सुटलं नव्हतं. इमेल दिवसातून वीसदा बघत होते. वकीलबाई प्रत्येक वेळी तितक्याच गोडीनं म्हणायच्या, "अजून काही नाही." फेब्रुवारीत बर्फ पडला, मग पाऊस आला, आणि तो बर्फ काळा होऊन फुटपाथच्या कडेला पडून राहिला. साहेब अजून चारशेव्या पानावर होता.

अर्ज मंजूर झाल्याची इमेल एका मीटिंगच्या मध्यात आली. मी ती दोनदा वाचली आणि मीटिंगमध्ये माझं बोलायचं राहिलेलं वाक्य पूर्ण केलं. मग लॅपटॉप बंद करून नवऱ्याला फोन केला. तो लॅबमध्ये होता, मागे कसलं तरी मशीन फिरत होतं. "काढ तिकीट," एवढंच म्हणाला.

नागपूरला पोचले तेव्हा ऊन तापायला लागलं होतं. बाबा फोनमध्ये दिसायचे त्यापेक्षा खूपच लहान दिसले. मनगटाला घड्याळ सैल झालेलं. मी हँडबॅगेत पुस्तक आणलं होतं, शंभरेक पानं उरली होती. पहिल्या दुपारी त्यांच्या उशाशी बसून मी ते उघडलं.

"राहू दे," बाबा म्हणाले. "तू बस नुसती."

बसले. आम्ही फारसं बोललो नाही. त्यांनी माझा हात धरून ठेवला होता आणि बाहेर भाजीवाला ओरडत होता. त्या दोन आठवड्यांत एकदाही पुस्तकाचा विषय निघाला नाही. लोक भेटायला येत होते, फिजिओथेरपीवाला येत होता, वॉकर धरून दारापर्यंत चालणं सुरू झालं होतं. निघताना मी मुद्दामच पुस्तक टेबलावर ठेवलं. मला त्या माणसाला पुन्हा विमानात बसवायचं नव्हतं.

एडिनबराला परत आले. आता संध्याकाळी उशिरापर्यंत उजेड होता. नवरा कप विसळत होता आणि मला त्याच्या पाठीकडे बघून नुसतं बरं वाटत होतं.

महिन्याभरानं आईचा फोन आला, रागावलेला. "काय बाई, ही बाई त्याला सोडून काहून नाही जात?"

"कोण बाई?"

"त्या साहेबाची बायको!"

मी खुर्चीत बसले. आई सातवी शिकलेली, वाचायची ती फक्त बुद्धवंदनेचं पुस्तक. हिवाळाभर ती म्हणत होती की त्या माणसाचं तोंड मले नको. आता दुपारी भांडी झाली की ती ओळीखाली बोट ठेवून बाबांना मोठ्यानं वाचून दाखवत होती. रोज दोन पानं. एका पानावर बायकोला ताप येतो आणि साहेब त्याबद्दलही कुरकुर करतो, तिथं आई अडली होती.

"मी आज वाचलंच नाही पुढे," ती म्हणाली. "म्हटलं, आधी तिला बरं वाटू दे."

"आई, तू वाचलं नाहीस तर तिला बरं कसं वाटेल?"

पलीकडून बाबांचा आवाज आला, चांगला खणखणीत. "हेच सांगून राहिलो मी हिला दुपारपासून!"

"तुम्ही चूप बसा," आई म्हणाली, आणि फोन तसाच ठेवून चष्मा शोधायला गेली.